पेटीतला माणूस

व्हिएन्नाच्या राजदरबारात १७७० साली वोल्फगांग फॉन केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र आणलं. लाकडी पेटीमागे पागोटं घातलेला तुर्की वेशातला पुतळा बसलेला, आणि तो डाव्या हाताने मोहरे सरकवायचा. खेळाआधी पेटीची दारं एकेक करून उघडली जात, आतली दातेरी चाकं दाखवली जात, शंका नको म्हणून मागून मेणबत्तीही धरली जाई. आत मात्र सरकत्या बैठकीवर एक तरबेज खेळाडू असायचा. जे दार उघडेल त्याच्या दुसऱ्या बाजूला तो सरकायचा. मोहऱ्यांत लोहचुंबक होते, त्यामुळे पटाखालच्या धातूच्या चकत्या हलल्या की त्याला वरची चाल कळे. त्याच्या मेणबत्तीचा धूर पुतळ्याच्या पागोट्यातून बाहेर पडायचा. तो कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून पेटीशेजारी आणखी मेणबत्त्या लावून ठेवत. १८०९ साली नेपोलियनही या यंत्राशी खेळला. १८५४ मध्ये फिलाडेल्फियात ते आगीत जळालं.

आजचे बोलके, डोळे मिचकावणारे रोबो फसवतात का, या वादाची मुळं या पेटीपर्यंत जातात. प्रश्न तेव्हाही यंत्राच्या खोटेपणाचा नव्हताच. आत कोण बसलंय, एवढाच होता.

पुढे खरोखरच आत कोणी बसायची गरज उरली नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउमने १९६६ साली ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्रॅम जगापुढे मांडला. समोरच्याचंच वाक्य उलटून प्रश्न करायचा, एवढीच त्याची करामत. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी एलायझाशी गप्पा सुरू झाल्यावर तिने वायझेनबाउमलाच खोलीबाहेर जायला सांगितलं! खुद्द वायझेनबाउम या प्रकाराने इतका हादरला की पुढे संगणकाच्या अशा वापराचा तो कडवा टीकाकार झाला. मला या किस्स्यात सेक्रेटरीचा भाबडेपणा दिसत नाही. तिला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही ती गुंतली.

नेमक्या याच जागी सोंग आणि फसवणूक यांतली रेघ पुसट होते. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी बनवलेलं ‘पारो’ हे सील या समुद्री प्राण्याचं मऊ यंत्र-पिल्लू स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या मांडीवर शांतपणे पडून राहतं, कुरवाळलं की आवाज काढतं. रुग्ण खुलतात. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी मात्र २००२ मध्येच यंत्र-पाळीव प्राण्यांवर आक्षेप घेतला होता: माणसाला त्यातून मिळणारा आनंद मुळात गैरसमजावर उभा आहे. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०११ साली रोबोंसाठी जी तत्त्वं प्रसिद्ध केली त्यांतही एक असंच होतं की दुबळ्या वापरकर्त्यांचा गैरफायदा घेणारी फसवी रचना नको, यंत्राचं यंत्रपण उघड दिसायला हवं.

मग २०१७ मध्ये जर्मनीत एका बोलक्या बाहुलीवर बंदी आली. ‘माय फ्रेंड केला’ तिचं नाव. ती इंटरनेटच्या आधाराने मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची; सरकारी यंत्रणेने तिला चक्क छुपं पाळत-साधन ठरवलं आणि ती नष्ट करा, असं पालकांना सांगितलं. बाहुलीला भावना असल्याचं सोंग कोणाला खुपलं नव्हतं. खुपला तो तिच्यातला कान.

आयरिश अभ्यासक जॉन डॅनहर यांनी २०२० मध्ये हा फरक नीट मांडला. फसवणारा रोबो एकतर बाहेरच्या जगाबद्दल खोटं बोलतो, नसलेल्या भावना दाखवतो किंवा असलेली क्षमता लपवतो. २०२४ च्या एका अभ्यासात हे तीन प्रकार ४९८ जणांपुढे ठेवले गेले. अल्झायमर झालेल्या बाईला ‘तुमचे यजमान येतीलच’ सांगणारा रोबो (ते केव्हाच वारलेले), सामान हलवताना दुखतं म्हणणारा रोबो आणि गुपचूप चित्रण करणारा साफसफाईचा रोबो. पहिल्याला बहुतेकांनी माफ केलं. सर्वांत जास्त राग आला तो चित्रण करणाऱ्याचा, आणि दोष देताना अनेकांचं बोट रोबोकडून सरकून तो बनवणाऱ्याकडे किंवा त्याच्या मालकाकडे गेलं. पेटीतला माणूस लोकांनी बरोबर हेरला म्हणायचा.

विश्वास परत मिळवण्याचा मामला आणखी गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या २०२३ मधल्या प्रयोगात, आजारी मित्राला इस्पितळात नेणाऱ्या चालकाला गाडीतला रोबो ‘पुढे पोलीस आहेत, सावकाश चालवा’ सांगतो. पोचल्यावर कळतं, पोलीस नव्हतेच. मग रोबो वेगवेगळ्या तऱ्हांनी माफी मागतो. कोणत्याच माफीने विश्वास पूर्ववत झाला नाही. त्यातल्या त्यात चाललं ते नुसतं ‘सॉरी’, ज्यात खोटं बोलल्याची कबुली नव्हती. कबुली नाही म्हटल्यावर लोकांनी तो यंत्राचा बिघाड समजून सोडून दिला. ज्यांना फसवलं गेल्याचं कळलं होतं त्यांना मात्र नुसती माफी पुरली नाही. का फसवलं, ते सांगणारा रोबो त्यांना त्यातल्या त्यात बरा वाटला.