इल्मिन्स्की पद्धत

अल्पसंख्य समाजातल्या मुलांना सुरुवातीचे शिक्षण त्यांच्या घरच्या बोलीत आणि त्यांच्याच समाजातल्या शिक्षकाकडून देण्याची पद्धत. रशियन साम्राज्यात व्होल्गा नदीच्या मधल्या खोऱ्यात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. निकोलाय इव्हानोविच इल्मिन्स्की (१८२२–१८९१) हे ऑर्थोडॉक्स मिशनरी आणि भाषापंडित तिचे जनक.

इल्मिन्स्की व्होल्गाकाठच्या कझान शहरातल्या धर्मशास्त्र अकादमीत शिकले, तातारांच्या (तुर्की भाषाकुळातली भाषा बोलणारा, बहुतेक मुस्लिम समाज) वस्तीत राहून तातार भाषा शिकले आणि १८५१ ते १८५४ या काळात अरबीच्या अभ्यासासाठी कैरोत होते. त्याच सुमारास, १८५२ मध्ये, अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी मिशनच्या शाळा काढल्या. वाइल्डर यांच्यासमोर दरबारापासून बाजारपेठेपर्यंत चालणारी मराठी होती. इल्मिन्स्कींपुढचा पेच वेगळा होता. बाप्तिस्मा घेतलेल्या क्रेशेन तातारांसाठीची पुस्तके अरबी-फारसी शब्दांनी भरलेल्या ग्रांथिक तातारीत होती आणि ती त्यांना कळत नव्हती. इल्मिन्स्कींनी ग्रांथिक भाषा बाजूला ठेवली, चुलीपाशी बोलली जाणारी बोलीच रशियन लिपीत उतरवली आणि १८६२ मध्ये तिची अंकलिपी छापली. १८६४ मध्ये कझानला शाळा उघडली. तिथले शिक्षक वसिली तिमोफेयेव स्वतः क्रेशेन होते. या पद्धतीचे मर्म इथेच आहे : मूल शाळेत आले तर समोर आपल्यासारखे बोलणारा माणूस हवा. अक्षरओळख घरच्या बोलीत व्हायची, रशियन हळूहळू यायची. १८७० च्या सरकारी नियमांनी या पद्धतीला मान्यता दिली आणि १८७२ मध्ये कझानला अध्यापक विद्यालय निघाले. इल्मिन्स्की अखेरपर्यंत त्याचे प्रमुख होते.

हेतू धर्माचा होता, हे स्पष्ट सांगायला हवे. क्रेशेन तातार पुन्हा इस्लामकडे वळत होते, त्यांना चर्चमध्ये टिकवायचे होते. म्हणून मुस्लिम सुधारकांना ही पद्धत खुपली. उलट रशियन राष्ट्रवाद्यांना वाटे, की बोलीला लिपी दिली की फुटीरपणा वाढेल. फळ मात्र हेतूपलीकडे गेले. चुवाश हा व्होल्गाकाठचाच आणखी एक समाज. त्यातलेच शिक्षक इव्हान याकोव्हलेव यांनी व्होल्गाकाठच्या सिंबिर्स्क शहरात १८६८ मध्ये चुवाश मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे चुवाश वर्णमाला घडवली. तिच्यावरच आजची चुवाश साहित्यभाषा उभी राहिली. याकोव्हलेव यांना पाठबळ देणारे शाळा-निरीक्षक इल्या उल्यानोव म्हणजे लेनिन यांचे वडील. १९१८ मध्ये खुद्द लेनिन यांनी याकोव्हलेव यांना त्यांच्या जीवनकार्यापासून तोडू नये अशा आशयाची तार सिंबिर्स्कला पाठवली.

कोल्हापूरच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, त्यामुळे शाळेचे दार सर्वांसाठी उघडले. पण दारातून आत येणारे प्रत्येक पोर घरी मराठीच बोलत होते असे नाही. वडारांची बोली तेलुगूच्या जवळची, कैकाड्यांची तमिळच्या जवळची. शिरोळ आणि गडहिंग्लज भागात कित्येक घरांत कानडी चालते. अशा घरातले सहा वर्षांचे पोर तांब्याकडे बोट करून ‘नीरु’ म्हणते, गुरुजी फळ्यावर ‘पाणी’ लिहितात. पोराला तहान कळते, तांब्या कळतो, फक्त फळ्यावरचा शब्द कळत नाही, आणि ते गप्प बसते. या गप्प बसण्याला आपण फार लवकर ‘अभ्यासात कच्चा’ असे नाव देतो.

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. तो १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा सुचवली आहे. त्या अनुच्छेदात भाषेची सोय आहे. तिमोफेयेव यांच्यासारखा, वस्तीतूनच वर आलेला शिक्षक असावा, हा इल्मिन्स्कींचा दुसरा निम्मा आग्रह त्यात नाही.