रिसिव्हर चालू, प्रक्षेपण बंद: युद्धकथांमधला रेडिओ सायलेन्स

युद्धकथेत रेडिओ सायलेन्सचा हुकूम सुटला की बरेच लेखक सगळ्यांचे सेट बंद करून टाकतात. प्रत्यक्षात बंद होते ते फक्त प्रक्षेपण. रिसिव्हर चालूच राहतो आणि त्यावर कोणीतरी कान लावून बसलेला असतो. या एका फरकाने कथेचे सगळे गणित बदलते. मुख्यालय बोलू शकते, पण तुकडी उत्तर देऊ शकत नाही. आदेश पोहोचला की नाही हे पाठवणाऱ्याला समजत नाही. तो आदेश जुन्या माहितीवर दिलाय हे ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसत असते, पण सांगायची सोय नसते. खरे नाट्य या एकतर्फी बोलण्यात आहे, आणि नेमके तेच बहुतेक कथांमध्ये वाया जाते.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यासाठी अ‍ॅडमिरल नागुमो यांचा ताफा 6 विमानवाहू नौका घेऊन 26 नोव्हेंबर 1941 रोजी कुरील बेटांमधल्या हितोकाप्पु उपसागरातून निघाला. त्याला एक शब्दही प्रक्षेपित करायला मनाई होती. तरीही 2 डिसेंबरला 'निइताका पर्वत चढा 1208' हा संदेश त्याला मिळाला. त्याचा अर्थ, ठरल्याप्रमाणे 8 डिसेंबरला (जपानी वेळेनुसार) हल्ला करा. पोच द्यायची नव्हतीच. पोच नसताना संदेश पोहोचल्याची खात्री वाढवण्याची रीत नौदलांमध्ये रुळलेली आहे. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असतो आणि तो ठरलेल्या वेळांना पुन्हा पुन्हा पाठवला जातो. ऐकणाऱ्याकडे 40 आणि 42 क्रमांक आले, पण 41 आला नाही, तर काहीतरी निसटल्याचे त्याला कळते आणि तो पुढच्या फेरीची वाट पाहतो. हा न आलेला 41 क्रमांक एखाद्या कथेचा कणा होऊ शकतो.

आता बोलण्याची किंमत किती, ते पाहू. हातात मावणारा 5 वॉटचा सेट 150 मेगाहर्ट्झवर बोलतोय आणि 50 किलोमीटरवर शत्रूचे टेहळणी विमान उडतेय असे समजा. मध्ये डोंगर नसेल तर विमानाच्या साध्या अँटेनाला साधारण 50 पिकोवॉट शक्ती मिळते (1 पिकोवॉट म्हणजे वॉटचा एक लाख कोटीवा भाग). आकडा नगण्य वाटतो, पण चांगल्या रिसिव्हरला अरुंद पट्ट्यात एका पिकोवॉटचा हजारावा भागही पुरतो. म्हणजे गरजेच्या सुमारे 50,000 पट जास्त शक्ती तिथे पोहोचलेली असते. जमिनीवर मात्र झाडे, चढउतार आणि पृथ्वीची वक्रता हा आकडा झपाट्याने खाली आणतात. या वारंवारितेला क्षितिज अडवते. ते अंदाजे काढायचे तर दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळे काढून त्यांच्या बेरजेला 4.12 ने गुणावे, उत्तर किलोमीटरमध्ये येते. 2 मीटरवरचा सेट 100 मीटर उंच मनोऱ्याला सुमारे 47 किलोमीटरपर्यंत दिसतो, तर 10,000 मीटरवरच्या विमानाला 400 किलोमीटरहून अधिक. दरीत बसून बोलणारी तुकडी शेजारच्या टेकडीवरच्या ठाण्यापासून लपते, पण डोक्यावरच्या विमानापासून लपत नाही. लघुलहरींची तऱ्हा वेगळी. त्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, त्यामुळे कधी कधी शेजारच्या खोऱ्यात ऐकू न येणारा संदेश दुसऱ्या खंडात स्वच्छ ऐकू येतो.

शत्रूने संदेश ऐकला म्हणजे त्याला लगेच जागा सापडली, असे होत नाही. एक ठाणे फक्त दिशा सांगते. जागेसाठी निदान दोन दिशारेषा एकमेकींना छेदाव्या लागतात. दिशेत 1 अंशाची चूक झाली तर 20 किलोमीटरवर ती 350 मीटर होते आणि 1,000 किलोमीटरवर साडेसतरा किलोमीटर. रेषा काटकोनात छेदल्या तर जागा आटोपशीर निघते. दोन्ही ठाणी जवळजवळ एकाच बाजूला असतील आणि रेषांमधला कोन 10 अंशांचाच असेल, तर तीच चूक लांबीच्या दिशेने पाचसहा पट ताणली जाते. कथेत शोधणाऱ्यांना चकवायचे असेल तर हा कोन सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

'तीस सेकंदांत बोलणे आटपा, म्हणजे माग लागत नाही' हा संवाद मात्र कालबाह्य आहे. पूर्वी माणूस गोल अँटेना हाताने फिरवून आवाज सर्वांत क्षीण कुठे होतो ते शोधायचा, त्यात वेळ जायचा. रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी 1920 च्या दशकात विजेच्या कडकडाटाची दिशा पकडण्यासाठी एक पद्धत तयार केली. तिच्यात कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर दिशेची रेषा तत्क्षणी उमटते. दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत 'हफ-डफ' या नावाने मित्रराष्ट्रांच्या जहाजांवर चढली. जर्मन पाणबुड्यांचे अहवाल वीसेक सेकंदांत संपत, पण काफिल्याच्या रक्षक जहाजाला दिशा कळायला तेवढा वेळ भरपूर होता. अहवाल सांकेतिक भाषेत होते, याचाही काही उपयोग नव्हता. संकेत मजकूर लपवतो, उगमाची जागा लपवत नाही. हा मुद्दा लेखकांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे, कारण 'आपली लाइन सुरक्षित आहे' म्हणत बिनधास्त बोलणारी पात्रे आजही सर्रास भेटतात.

या विषयातली सर्वांत बोलकी घटना मे 1941 मधली. 'हूड' ही ब्रिटिश युद्धनौका बुडवून अटलांटिकमध्ये शिरलेल्या 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेचा ब्रिटिश क्रूझर रडारने पाठलाग करत होत्या. 25 मेच्या पहाटे बिस्मार्क वळसा घेऊन त्यांच्या टप्प्याबाहेर निसटली, पण तिच्यावरच्या अ‍ॅडमिरल ल्युट्येन्स यांना ते उमगले नाही, कारण ब्रिटिश रडारच्या लहरी बिस्मार्कवर अजून पकडल्या जात होत्या. यामागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. रडारची लहर लक्ष्यापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरते आणि परतताना पुन्हा तितकीच. त्यामुळे प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो, तर लक्ष्यावर बसून ऐकणाऱ्याला फक्त जातानाची घट सोसावी लागते. ज्या अंतरावर रडारला काही दिसत नाही, त्या अंतरावर लक्ष्याला रडार ठणठणीत ऐकू येते. आपण अजून नजरेत आहोत, मग गप्प राहून काय मिळणार, असे मानून ल्युट्येन्स यांनी त्या सकाळी मुख्यालयाला लांबलचक संदेश पाठवला.

ब्रिटनमधल्या ठाण्यांनी त्याच्या दिशा टिपल्या. पुढे ब्रिटिशांचीही चूक झाली. ठाणी एकाच बाजूला असल्याने छेदकोन लहान होता. शिवाय रेडिओलहर पृथ्वीवर सर्वांत जवळच्या वक्र वाटेने जाते, आणि नेहमीच्या मर्केटर नकाशावर ती वाट सरळ रेषेने दाखवता येत नाही. त्यासाठी वेगळ्या प्रक्षेपाचा नकाशा लागतो. अ‍ॅडमिरल टोव्ही यांच्या जहाजावर दिशा मांडताना चूक झाली, बिस्मार्क होती त्याहून बरीच उत्तरेला दिसली, आणि ताफा कित्येक तास भलत्या दिशेने गेला. 26 मे रोजी कॅटलिना विमानाला ती प्रत्यक्ष दिसली आणि 27 ला बुडाली. दोन्ही बाजूंची माणसे हुशार होती आणि दोघांनीही हाती असलेल्या पुराव्यावरून समजण्यासारखी चूक केली. कथेत शत्रूला मूर्ख ठरवून सुटका करून घेण्यापेक्षा अशी चूक किती तरी वजनदार ठरते.

ऐकणारा पूर्णपणे अदृश्य असतो, हेही शंभर टक्के खरे नाही. बहुतेक रिसिव्हरमध्ये स्वतःचा एक छोटा आंदोलक, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग, असतो आणि त्याची क्षीण लहर अँटेनातून बाहेर झिरपू शकते. 1943 मध्ये एका ब्रिटिश युद्धकैद्याने जर्मनांना सांगितले की, आम्ही पाणबुड्यांवरच्या 'मेटॉक्स' या, रडारची चाहूल देणाऱ्या रिसिव्हरच्या गळतीवरून त्यांना गाठतो. तपासणीत गळती खरोखर आढळली आणि मेटॉक्स बंद करण्याचे आदेश निघाले. पाणबुड्या सापडण्याचे खरे कारण होते ब्रिटिश विमानांवरचे सुमारे 10 सेंटिमीटर तरंगलांबीचे नवे रडार. मेटॉक्स दीडदोन मीटरच्या लहरींसाठी बनलेला असल्याने त्याला ते ऐकूच येत नव्हते.

अचानक पसरलेली शांतता ही स्वतःच एक बातमी असते. रोज दोनशे संदेश पाठवणारे मुख्यालय एका रात्री गप्प झाले, की ऐकणारा सावध होतो. म्हणून मौनाबरोबर बनावट गजबज चालू ठेवावी लागते. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाची बोटांची लकब ओळखू येते. म्हणून जपानने विमानवाहू नौकांवरचे नेहमीचे ऑपरेटर किनाऱ्यावर ठेवून त्यांच्याकडून संदेश पाठवत ठेवले. 31 मे 1916 रोजी, जटलंडच्या लढाईच्या दिवशी, ब्रिटिश नौदल कार्यालयातील अधिकाऱ्याने 'डीके' हे संकेतनाम कुठे ऐकू येते एवढेच विचारले. उत्तर मिळाले, विल्हेल्म्सहाफेन. ते जर्मन सेनापती शेर यांचे बंदरातले संकेतनाम होते, आणि समुद्रात निघताना ते किनाऱ्यावरच्या केंद्राला देऊन जाण्याची त्यांची पद्धत होती. जर्मन ध्वजनौका बंदरातच असल्याचा संदेश ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख जेलिको यांना गेला, तेव्हा ती समुद्रात होती. संकेत फोडणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांना योग्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. 1971 च्या भारत-पाकिस्तान युद्धात व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी 'विक्रांत' अंदमानकडे असताना ती विशाखापट्टणमजवळ असल्याचा भास निर्माण करण्यासाठी 'राजपूत' या विनाशिकेवरून जोरदार संदेशवहन करवले. त्यात एका नौसैनिकाच्या आईच्या प्रकृतीची उघड भाषेतली चौकशीही होती. मोठ्या जहाजावर कोणीतरी शिस्त मोडतोय, असे ऐकणाऱ्याला वाटावे म्हणून.

रेडिओ नसेल तर बोलायचे कसे, याची उत्तरे जुनी आहेत आणि प्रत्येकाला वेळेचा दंड आहे. सिग्नलचा दिवा मिनिटाला दहाएक शब्द देतो आणि धुक्यात निकामी होतो. जून 1942 मध्ये मिडवेच्या वाटेवर दाट धुक्यात दिशा बदलायची वेळ आली, तेव्हा नागुमो यांना अखेर कमी शक्तीच्या रेडिओवर आदेश द्यावा लागला. अंधारात, खडबडीत जमिनीवर निरोप्या तासाला दोनअडीच किलोमीटर चालतो. 5 किलोमीटरवर प्रश्न पाठवून उत्तर यायला चार तास धरा. डिसेंबर 1944 मध्ये आर्डेनच्या हल्ल्याआधी जर्मनांनी तारेचा टेलिफोन आणि निरोपे वापरले, आणि सांकेतिक संदेश फोडण्यात तरबेज असलेल्या मित्रराष्ट्रांना हल्ल्याचा पत्ता लागला नाही. तारही पूर्ण मुकी नसते. पहिल्या महायुद्धात एकच तार टाकून परतीचा प्रवाह जमिनीतून नेला जाई, आणि तो शत्रू आपल्या खंदकातून ऐके. त्यावर उतारा म्हणून 1915 मध्ये कॅप्टन फुलर यांचे 'फुलरफोन' हे यंत्र आले.

मौन कोणी आणि कशासाठी मोडायचे, हे नायकाच्या आवेगावर सोडलेले नसते. आदेशातच लिहिलेले असते. शत्रू प्रथम दिसल्याची खबर, ठरलेला टप्पा गाठल्याचा एकेक शब्द, जीवघेणे संकट. बटण दोनदा दाबून फक्त 'खट खट' करणे हेही प्रक्षेपणच. छोटे असते एवढेच. आजच्या कथेत खिशातला मोबाइल विसरू नये. तो कोणी बोलत नसतानाही अधूनमधून टॉवरला आपली हजेरी देतो. 1 जानेवारी 2023 रोजी पूर्व युक्रेनमधल्या माकीव्हका इथे रशियन सैनिकांच्या मुक्कामावर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्या मोबाइल वापरामुळे जागा कळल्याचे रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने म्हटले होते. उपग्रहांकडून स्थान ओळखणारा जीपीएस मात्र फक्त ऐकतो, म्हणून मौनातही तो चालतो.

अवकाशातल्या युद्धकथांना निराळी अडचण आहे. तिथे रेडिओ बंद केला तरी यानाची ऊब दिसते. खोलीच्या तापमानाचा, म्हणजे 300 केल्विनचा, काळसर पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे 460 वॉट अवरक्त किरणे बाहेर टाकतो, आणि मागचे आकाश असते 3 केल्विनच्या आसपास. 1,000 चौरस मीटरचे यान म्हणजे 460 किलोवॉटचा दिवा. लपायचे तर कवच थंड ठेवून ही उष्णता आत साठवावी लागेल. 1 टन बर्फ वितळताना एवढी उष्णता जेमतेम 12 मिनिटे शोषून घेतो, 100 टन बर्फ सुमारे 20 तास. अशा यानाच्या कप्तानाचा बर्फ संपायच्या आत हल्ला तरी व्हायला हवा, नाहीतर माघार तरी.