पान आडवे का सरकते?

मोबाइलवर वाचताना बोट जरा तिरके फिरले की सगळे पान उजवीकडे सरकते आणि कडेला बोटभर पांढरी पट्टी उघडी पडते. मजकूर ठीक, चित्रे ठीक, फक्त पान पडद्यात मावत नाही. यावर सर्रास एकच औषध दिले जाते: बॉडीला, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या भागाला, 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन' (आडवे बाहेर आलेले लपवा) ही सीएसएसची, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेची, ओळ लावून मोकळे व्हायचे. पट्टी जाते, दुखणे राहते. ते नेमके कुठे असते हे शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. आज बिघाड वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी मुळात जुनी पाने वाचवण्यासाठी विचारपूर्वक केलेल्या तडजोडी आहेत.

एचटीएमएलचे, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या भाषेतले, कोरे पान लवचीकच असते. खिडकी अरुंद करा, ओळी आपोआप खाली उतरतात. त्याला ताठ केले ते डिझाइन करणाऱ्यांनी. ८००×६०० च्या मॉनिटरवर पाने साधारण ७६० पिक्सेल रुंद ठेवायची रीत होती. १०२४×७६८ चे पडदे रुळले तसा ९६० हा आकडा लाडका झाला, कारण त्याला ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १६ अशा सगळ्यांनी पूर्ण भाग जातो आणि हवे तेवढे कॉलम पाडता येतात.

मग २९ जून २००७ रोजी आयफोन विक्रीला आला. त्याचा पडदा उभा धरला तर ३२० पिक्सेल रुंद, आणि वेब मात्र ९६० च्या पानांनी भरलेले. अ‍ॅपलने तोडगा काढला तो असा: सफारी या आपल्या ब्राउझरने पान ९८० पिक्सेलच्या कल्पित खिडकीत मांडायचे आणि मग ते चित्रासारखे आक्रसून पडद्यावर दाखवायचे. वाचायचे असेल त्याने दोन बोटांनी मोठे करावे. ज्यांना खऱ्या रुंदीवर पान मांडायचे होते त्यांच्यासाठी व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग, म्हणजे पानात ब्राउझरसाठी लिहायची सूचना, दिला. इतर मोबाइल ब्राउझरांनीही हीच रीत उचलली. म्हणून आजही 'विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१' ही ओळ विसरली तर नवेकोरे पान फोनवर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसते. तिथेच 'विड्थ=३२०' असा ठाम आकडा लिहिणे किंवा झूम बंद करणे ही जुन्या टेम्प्लेटांतून आलेली खोड आहे. झूमबंदी तर आयओएस १० पासून, म्हणजे २०१६ पासून, सफारी जुमानतच नाही, आणि ते बरेच आहे.

मे २०१० मध्ये वेब डिझाइनर ईथन मार्कॉट यांनी 'अ लिस्ट अपार्ट' या वेब-नियतकालिकातल्या लेखात पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीला रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव दिले. टक्केवारीतली जाळी, मापात राहणारी चित्रे आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लावणारी अट) ही त्यातली तीन अंगे. मीडिया क्वेरींवर डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचे अंतिम शिक्कामोर्तब जून २०१२ मध्ये झाले, तोवर ब्राउझरांत त्या चालूही लागल्या होत्या. पण पिक्सेल जाऊन टक्के आले आणि एक जुने भांडण वर आले.

सीएसएसच्या नियमाप्रमाणे 'विड्थ' म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी; पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि बॉर्डर (कडेची रेघ) त्यावर वेगळे. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र हे सगळे रुंदीतच धरायचा. चूक त्याची ठरली, पण अडचण नियमाचीही होती. ३६० पिक्सेलच्या फोनवर एखाद्या डब्याला 'विड्थ: १०० टक्के' आणि दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग द्या. डबा ३९२ पिक्सेलचा होतो आणि ३२ पिक्सेल बाहेर लोंबतात. निश्चित रुंदीच्या काळात हे वजाबाकी करून भागायचे. टक्क्यातून पिक्सेल वजा करणे तेव्हाच्या सीएसएसला जमत नव्हते. शेवटी सगळ्या घटकांना 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' लावण्याची पद्धत पडली, जे पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच धरते. म्हणजे हरलेल्या ब्राउझरचेच गणित आपण आज रोज वापरतो! जुन्या स्टाइलशीटमध्ये (सीएसएसच्या फाइलीत) ही ओळ नसेल तर आडव्या सरकण्याचा पहिला संशय इथेच घ्यावा.

दुसरा संशयित म्हणजे बूटस्ट्रॅप ३ या तयार सीएसएस-संचाचा वारसा. ऑगस्ट २०१३ च्या त्या आवृत्तीत कॉलमांना दोन्हीकडे १५ पिक्सेल पॅडिंग असते आणि ते रद्द करायला 'रो'ला, म्हणजे कॉलमांच्या ओळीला, दोन्हीकडे उणे १५ चे मार्जिन (बाहेरची मोकळी जागा). रोभोवतीच्या 'कंटेनर'चे १५ चे पॅडिंग हे उणे मार्जिन सामावून घेते. कंटेनर न घालता रो ठेवली की उजवीकडे नेमके १५ पिक्सेल जास्त. पट्टीची रुंदी मोजलीत आणि १५ आली, तर बाकी काही शोधत बसू नका.

तिसरा प्रकार फसवा आहे. '१०० व्हीडब्ल्यू' (खिडकीची पूर्ण रुंदी) या मापात उभ्या स्क्रोलबारची रुंदी धरलेली असते. विंडोजवर तो बार पानाची साधारण १५ ते १७ पिक्सेल जागा खातो, त्यामुळे १०० व्हीडब्ल्यूचा पट्टा तेवढाच बाहेर जातो. मॅकवर २०११ च्या लायन आवृत्तीपासून ट्रॅकपॅड असेल तर बार पानावर तरंगतो, जागा घेत नाही, फोनवरही तसेच. त्यामुळे मॅकवर काम करणाऱ्याला दोष दिसत नाही आणि ग्राहक तक्रार करत राहतो. डबा मुळातच पूर्ण रुंदीचा असेल तर १०० व्हीडब्ल्यूची गरज नसते, १०० टक्के पुरतात.

खरी गंमत फ्लेक्सबॉक्स या घटक रांगेत लवचीकपणे मांडण्याच्या सीएसएस-पद्धतीपासून सुरू झाली. फ्लेक्समधल्या घटकाची 'मिन-विड्थ' (किमान रुंदी) आपोआप 'ऑटो' धरली जाते: आतल्या सर्वांत लांब अखंड तुकड्यापेक्षा घटक अरुंद होत नाही. हेतू चांगला होता, मजकूर चिरडला जाऊ नये. पण तो तुकडाच पडद्यापेक्षा रुंद असेल तर? मराठी साइटवर हे हमखास होते, आणि कारण आपल्या लिपीतच आहे. देवनागरी वेबपत्ता कॉपी करून चिकटवला की त्यातले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या तीन बाइटांत जाते आणि प्रत्येक बाइटची टक्का-चिन्हासकट तीन अक्षरे होतात. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत. त्याची ९० रोमन अक्षरे होतात, मध्ये कुठेही ओळ तुटायला जागा नाही. १६ पिक्सेलच्या टाइपात हा एकच शब्द ८०० पिक्सेलच्या सहज पुढे जातो. विकिपीडियाचा दुवा प्रतिक्रियेत कोणी चिकटवला की ३६० पिक्सेलच्या फोनवर पानाची दैना उडते ती यामुळे.

इथे 'ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड' लिहून लोक हैराण होतात, कारण फ्लेक्सच्या आत ते नुसते पुरत नाही. ब्रेक-वर्ड शब्द तोडतो खरा, पण घटकाची किमान रुंदी मोजताना ते तोडणे हिशेबात धरत नाही. घटक आधीच ८०० पिक्सेलचा झालेला असतो, मग तोडायची वेळ येतेच कुठे! एकतर त्या घटकाला 'मिन-विड्थ: ०' द्यावी, नाहीतर 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' वापरावे, जे किमान रुंदी मोजतानाही तोडणे धरते. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत एकापाठोपाठ आलेल्या ग्रिड या जाळीच्या मांडणीलाही हाच न्याय: '१ एफआर'चा (उरलेल्या जागेच्या एका वाट्याचा) किमान भाग 'ऑटो' असतो, म्हणून 'मिनमॅक्स(०, १एफआर)' लिहावे लागते.

दोषी घटक सापडत नसेल तर सगळ्यांना लाल 'आउटलाइन' (जागा न घेणारी बाहेरची रेघ) द्या. बॉर्डर नको, ती स्वतःच जागा घेते आणि मोजमाप बिघडवते. तेवढ्यानेही दिसले नाही तर ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमधून (पान तपासण्याच्या साधनातून) बॉडीखालचा एकेक भाग उडवत जा. ज्याच्या जाण्याने आडवे सरकणे थांबते, त्याच्या पोटात पुन्हा तेच करा. चार-पाच पायऱ्यांत मूळ हाती लागते.

आता त्या सुरुवातीच्या औषधाकडे. एखाद्या रॅपरला, म्हणजे मजकुराला वेढणाऱ्या घटकाला, 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन' लावले की नियमानुसार त्याचा 'ओव्हरफ्लो-वाय'ही 'व्हिजिबल' राहत नाही, 'ऑटो' होतो. तो रॅपर स्वतःच स्क्रोल होणारी पेटी बनतो. 'पोझिशन: स्टिकी' (स्क्रोल करताना वर चिकटून राहा) असलेला हेडर जवळच्या अशा पेटीला चिकटतो, खिडकीला नाही, आणि ही पेटी प्रत्यक्षात स्क्रोल होतच नसते, म्हणून हेडर मजकुराबरोबर वर निघून जातो. झाकायचेच असेल तर 'ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप' बरे. ते कापते, पण पेटी बनवत नाही. सफारीत ते १६ व्या आवृत्तीपासून चालते.

उंचीची कहाणी वेगळी. आयओएस ७ पासून, २०१३ मध्ये, स्क्रोल करताना सफारीची पत्त्याची पट्टी आक्रसू लागली. मग '१०० व्हीएच' (खिडकीची पूर्ण उंची) म्हणजे पट्टी उघडी असताना उरलेली उंची की ती मिटल्यावरची? पट्टीबरोबर माप बदलले तर स्क्रोल करतानाच सगळे पान हिंदकळते, म्हणून सफारीच्या वेबकिट इंजिनने मोठी उंची कायम धरली. ५६ व्या आवृत्तीपासून, २०१७ मध्ये, क्रोमनेही तेच केले. परिणाम रोजच्या पाहण्यातला आहे: पूर्ण पडद्याच्या पानावर खालचे बटण ब्राउझरच्या पट्टीमागे दडते. मधली काही वर्षे लोक जावास्क्रिप्टने खिडकीची उंची मोजून ती सीएसएसला पुरवत होते, आणि पट्टी हलली की पान पुन्हा मांडले जाऊन अडखळत होते.

२०२२ मध्ये तीन नवी मापे आली: पट्टी उघडी असतानाचे 'एसव्हीएच', मिटलेली असतानाचे 'एलव्हीएच' आणि तिच्याबरोबर बदलणारे 'डीव्हीएच'. सफारी १५.४ मध्ये मार्चला, फायरफॉक्स १०१ मध्ये मेला, क्रोम १०८ मध्ये वर्षअखेरीस. सगळीकडे डीव्हीएच पेरण्याचा मोह आवरावा, तो जुना हिंदकळा परत आणतो. वरच्या मोठ्या चित्रपट्टीला एसव्हीएच द्या, चॅटसारख्या आतल्या आत स्क्रोल होणाऱ्या पडद्याला डीव्हीएच. कीबोर्ड उघडल्यावर यातले कोणतेही माप आपोआप घटत नाही. क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवरही कीबोर्ड पानाची मांडणी न बदलता वर येतो; मांडणी आक्रसायला हवी असेल तर व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये 'इंटरॅक्टिव्ह-विजेट=रिसायझेस-कंटेंट' जोडावे लागते. आणि जुन्या फोनांसाठी आधी '१०० व्हीएच'ची ओळ, तिच्याखाली नव्या मापाची. क्रम उलटला तर नवी ओळ कोणालाच लागू होत नाही.