परीक्षा सरकारची, शिकवणी ज्याची त्याची

साधारण सप्टेंबर सरता सरता महाराष्ट्रातल्या गावोगावच्या हायस्कुलांत बाकं भिंतीला लावली जातात आणि वर्गाच्या मधोमध एका स्टुलावर संसार मांडला जातो. एक किटली, एक मग, घडी मोडलेलं फडकं, दोन वांगी. पोरं गोल करून खाली बसतात, मांडीवर पॅड, शेजारी रंगाच्या पाण्याचा डबा. समोर जागा मिळालेल्याला मगाचा कान नीट दिसतो. कडेच्याला तो दिसतच नाही, तरी तो काढतो, कारण मगाला कान असतो हे त्याला माहीत असतं. पर्यवेक्षक येऊन म्हणतात, ‘अरे, दिसतं ते काढ.’

ही शासकीय रेखाकला परीक्षा. लोकांच्या तोंडी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. कला संचालनालय ही परीक्षा घेतं आणि दरवर्षी लाखो मुलं तिला बसतात. शाळकरी मुलांच्या कलेसाठी सरकारने उभी केलेली एवढी मोठी आणि एवढी जुनी व्यवस्था राज्यात दुसरी नाही. पण तिची गंमत म्हणा किंवा गोची म्हणा, अशी की सरकार परीक्षा घेण्याची हमी देतं, शिकवण्याची देत नाही. हे आजचं नाही. याचं मूळ पार एकोणिसाव्या शतकात आहे.

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून. त्याआधी मद्रास आणि कलकत्त्याला अशा शाळा निघाल्या होत्या. त्यामागे चित्रकार घडवण्याची हौस कमी आणि कारागिरीची चिंता जास्त होती. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कापड, धातुकाम, नक्षीकाम पाहून तिथले जाणकार थक्क झाले होते. ही कारागिरी टिकवायची, तिला शिस्त लावायची आणि व्यापाराच्या कामी आणायची, असा तो हिशेब होता. १८६० च्या दशकात शाळा सरकारने आपल्याकडे घेतली. जॉन ग्रिफिथ्स, लॉकवुड किपलिंग असे शिक्षक विलायतेहून आले आणि त्यांच्याबरोबर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेची पद्धतही आली. ठरावीक नमुने, ठरावीक पायऱ्या, प्रत्येक पायरीला परीक्षा. तिकडे तर परीक्षेच्या निकालावर शाळांना पैसे मिळत. आपल्याकडच्या ‘ग्रेड’ परीक्षा, म्हणजे याच एलिमेंटरी-इंटरमिजिएट, त्याच छापाच्या.

१८७९ मध्ये रेखाकलेचं शिक्षण विषय म्हणून जे.जे.च्या कामात आलं आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षकांसाठी वेगळा वर्ग निघाला. म्हणजे साखळी तयार झाली: शाळेत ग्रेड परीक्षा द्यायची, ती पास झालं की मुंबईला जाऊन शिक्षकाचा वर्ग करायचा, मग कुठल्यातरी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून चिकटायचं आणि पुढच्या पोरांना परीक्षेला बसवायचं. हीच साखळी पुढे ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा), आर्ट मास्टर या नावांनी चालू राहिली.

त्या साखळीत शिरायचं कोणी, हा प्रश्न तेव्हाही होताच. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला जाई. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी याच्याच वर्मावर बोट ठेवलं: सरकारी महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. ते बोलत होते प्राथमिक शाळांबद्दल, चित्रकलेबद्दल नव्हे. पण ड्रॉइंगचा वर्ग होता हायस्कुलात आणि हायस्कूल होतं शहरात. ज्या सुतार-कुंभारांच्या कसबासाठी म्हणून कलाशाळा काढल्या, त्यांच्या पोरांना तिथवर पोचायला आधी शाळेच्या पाच-सात इयत्ता चढाव्या लागत.

त्याच सुमाराला बडोद्यात वेगळं काही घडत होतं. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, दरबारच्या खर्चाने. गाणं स्वरलिपीत लिहून, वर्गात बसवून शिकवायचं, ही कल्पनाच तेव्हा नवी. १८९० मध्ये कला आणि तंत्रशिक्षण देणारं कलाभवन निघालं. पुढे सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके जे.जे.तही शिकले आणि या कलाभवनातही. राजाने मनावर घेतलं तर खजिन्यातून कलाशिक्षण चालतं, एवढं बडोद्याने दाखवलं.

इंग्रजी मुलुखात संगीताला असा वाली मिळाला नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते जलशांच्या तिकिटांवर आणि देणग्यांवर. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं, तेही सरकारच्या दाराबाहेर. म्हणून आजही चित्रकलेची परीक्षा सरकारची आणि गाण्याची परीक्षा मंडळाची. हायस्कुलात ‘ड्रॉइंगचे सर’ असतात, ‘गाण्याच्या बाई’ असल्या तर नशीब. नाटकाचं तर त्याहून पुढचं. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये बालरंगभूमी उभी केली ती स्वतःच्या हिमतीवर. सांस्कृतिक खात्याच्या बालनाट्य स्पर्धा नंतरच्या, आणि त्याही पुन्हा स्पर्धाच. तालमीला मास्तर कुठून आणायचा, हे शाळेने बघायचं.

मध्ये एक वेगळी वाट फुटू पाहत होती. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती बसली आणि नई तालीमची योजना आली. हाताच्या कामाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं, आणि तेही प्रत्येक खेड्यातल्या प्रत्येक मुलासाठी. समानतेच्या अंगाने पाहिलं तर एवढा धाडसी प्रस्ताव त्याआधी नव्हता आणि नंतरही क्वचितच आला. मात्र शाळेने मुलांच्या हातच्या वस्तू विकून आपला खर्च बराचसा भागवावा, हे कलम त्यात होतं आणि टीका त्यावरच झाली. पुढे टकळी-चरख्याचा तास झाला, त्याचा कार्यानुभव झाला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीनंतर ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव मिळालं. प्रत्यक्षात तो पुष्कळ ठिकाणी मैदानातले खडे वेचण्याचा तास होता, हे त्या पिढीतला कोणीही सांगेल.

कलेला खरा सरकारी पैसा मिळाला तो वेगळ्याच दारातून: वेतन अनुदानातून. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या खेड्यांत शिक्षणसंस्थांची हायस्कुलं वाढली. सरकार अनुदानित शाळांचे पगार देऊ लागलं आणि मंजूर पदांत विशेष शिक्षक म्हणून ड्रॉइंग मास्तर बसला. १९६५ मध्ये कला संचालनालय वेगळं झालं. कुठल्याही योजनेचं नाव नसताना, एकही उद्घाटन न होता, राज्याच्या कानाकोपऱ्यात पूर्ण पगारी कलाशिक्षक जाऊन पोचले.

या मास्तरांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. शाळेच्या फाटकावरचं नाव त्यांच्या हातचं. दर्शनी फळ्यावरचा सुविचार रोज बदलणार तेच, रंगीत खडू ओले करून. गॅदरिंगचा पडदा, पंधरा ऑगस्टची रांगोळी, मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचं मानपत्र, वर्गणीतून आणलेल्या गणपतीची आरास, निवडणुकीत मतदान केंद्राच्या पाट्या. कोणी गुरुजी रजेवर असले की ‘ऑफ’ तासाला यांनाच धाडायचं. यातून वेळ उरला की शाळा सुटल्यावर तासभर परीक्षेची तयारी, बहुतेक वेळा फुकट. रंगाची पेटी नसलेल्या पोराला कपाटातल्या अर्ध्या बाटल्या मिळत. या एका माणसाच्या पगारावर गावातल्या पन्नास-साठ पोरांना वर्षाला चित्रकला मिळत होती. माझ्या मते महाराष्ट्राने कलाशिक्षणात समानतेसाठी केलेला हाच सर्वांत मोठा खर्च, फक्त त्याला कोणी तसं म्हटलं नाही. आणि म्हटलं नाही म्हणूनच तो कापताना कोणाला काही वाटलं नाही.

कापाकापी हळूहळू झाली. आधी ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचं धोरण आलं. शाळा काढा, पण पैसे मागू नका. अशा शाळेत गणित-इंग्रजीचा शिक्षकच तुटपुंज्या पगारावर राबतो, तिथे चित्रकलेचं पद कोण भरणार. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द काढला गेला, पण अनुदान आलं ते टप्प्याटप्प्याने.

त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. या कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी एक ओळ आहे: पटसंख्या शंभराच्या वर असेल तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. कलाशिक्षण हा मुलाच्या हक्काचा भाग आहे, असं कायद्यात लिहिलं गेलं, ही मोठीच गोष्ट. पण त्या ओळीत दोन खोचा आहेत. एक, ‘अंशकालीन’. पूर्णवेळ शिक्षकाच्या जागी मानधनावरचा निदेशक. दुसरी, ‘शंभराच्या वर’. सह्याद्रीच्या कुशीतल्या, सातपुड्यातल्या, गडचिरोलीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचे वरचे तीन वर्ग मिळून शंभर पोरं भरत नाहीत. ज्या मुलाला शाळेबाहेर क्लास मिळण्याची सुतराम शक्यता नाही, नेमकं तेच या ओळीच्या बाहेर राहिलं. हक्क पटावर मोजला गेला.

राज्यात असे निदेशक नेमलेही गेले. कंत्राट वर्षाचं, मग पुढच्या वर्षीची वाट बघायची, मध्येच कोर्टात जायचं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याचे, नवे निकष आले आणि कला-क्रीडा शिक्षकांची स्वतंत्र पदं आणखी डळमळली. मग ‘अतिथी निदेशक’ हा शब्द आला. म्हणजे तासाच्या मानधनावरचा पाहुणा. शाळेतल्या शाळेत पाहुणा, हा शब्द कोणाला सुचला कोण जाणे. निवृत्त झालेल्या ड्रॉइंग मास्तरांच्या जागा त्यानंतर किती ठिकाणी भरल्या गेल्या, ते आपापल्या गावच्या शाळेत डोकावून पाहावं. पहिली ते पाचवीसाठी बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक आहे: खेळ, कार्यानुभव, कला तिन्ही एकत्र. पुस्तक चांगलं आहे. ते हातात घेणारे गुरुजी मात्र भाषा, गणित, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणारेही तेच.

शिक्षक पातळ होत असतानाच परीक्षेचं वजन मात्र वाढलं. २०१५ आणि २०१७ च्या शासन निर्णयांनी दहावीच्या निकालात कलेचे वाढीव गुण आले. इंटरमिजिएटच्या श्रेणीला गुण, शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या ठरावीक परीक्षा झाल्यास गुण, लोककलेच्या ठरावीक प्रयोगांनाही गुण. हेतू चांगला होता आणि परिणामही दिसला, परीक्षेला बसणाऱ्यांची गर्दी वाढली. पण मांडणी नीट पाहा. शास्त्रीय संगीताच्या तीन-पाच परीक्षा देण्याइतका क्लास लावायचा तर आई-बापाच्या खिशात वर्षानुवर्षं फी हवी आणि क्लास जवळपास हवा. लोककलेच्या गुणांसाठी प्रयोगांचं प्रमाणपत्र लागतं. गोंधळ्याचं पोर रात्रभर संबळ धरून बसतं, त्या जागरणाची पावती कोण देणार? ज्याच्याकडे ड्रॉइंगचे सर नाहीत त्याची चित्रकला आधीच गेली होती, आता दहावीचे गुणही गेले. २०२० मध्ये कोरोनामुळे रेखाकला परीक्षाच झाली नाही, तेव्हा आरडाओरड झाली ती गुणांची. वर्गात कोणी शिकवलं का, हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला.

केंद्राकडून येणारा पैसा या चित्राच्या कडेकडेने फिरतो. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची १९८२ पासूनची प्रतिभाशोध शिष्यवृत्ती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्षाला ३,६०० रुपये आणि शिकवणीच्या फीची काही भरपाई. तिच्यात परंपरेने कला जपणाऱ्या घरांतल्या आणि आदिवासी मुलांसाठी राखीव जागा आहेत, म्हणजे विचार नेमका आहे. पण सगळ्या देशात मिळून जागा काही शेकडा. २०१५ पासून ‘कला उत्सव’ आहे, नववी ते बारावीसाठी, शाळा ते राष्ट्रीय पातळी. पुन्हा स्पर्धा.

वेगळं करता येतं याची उदाहरणं लांब नाहीत. मुंबई महापालिका आपल्या शाळांसाठी चित्रकला, संगीत, हस्तकलेचे शिक्षक स्वतःच्या तिजोरीतून पोसत आली आहे. झोपडपट्टीतलं पोर तबल्यावर हात ठेवतं ते या पगारामुळे. अर्थात तिची तिजोरी मुंबईची आहे, जिल्हा परिषदेकडे ती कुठून यायची. गोव्यात पणजीच्या कांपालला बालभवन आहे, शिक्षण खात्याच्या छत्राखालचं, आणि त्याची केंद्रं तालुक्यांतून पसरलेली. संध्याकाळी पोरं नाममात्र पैशांत गायन, तबला, नाच, चित्रं शिकतात. गोवा छोटं राज्य आहे हे खरंच. पण तिथे पैसा शिकवणाऱ्याकडे आधी गेला आणि प्रमाणपत्राकडे नंतर.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला हा ‘जादा’ विषय नाही, बाकी विषयांच्या बरोबरीचा आहे, असं म्हटलं आहे. कला-समेकित शिक्षण हा त्यातला लाडका शब्द. म्हणजे भूगोल शिकवतानाच चित्र, इतिहास शिकवतानाच नाटक. कल्पनेला नावं ठेवण्यासारखं काही नाही. शाळांना भीती एवढीच की समेकित म्हटल्यावर वेगळ्या शिक्षकाची गरज काय, असं कोणीतरी फायलीवर लिहील.

तोवर सप्टेंबर येतोच. शाळेत सर नसलेली मुलंही परीक्षेला बसतात. तालुक्याच्या केंद्रावर एस.टी.ने येतात, पिशवीत पोस्टर कलरच्या बाटल्या, कंपासपेटी आणि गेल्या वर्षी पास झालेल्या ताईने दिलेले जुने सरावाचे कागद. संकल्पचित्राच्या पेपराला वर्तुळाचे आठ भाग कसे पाडायचे, ते त्या कागदांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं.