दृष्टीचं मीठ आणि तांब्याची वाट

आमच्या परभणीकडच्या घरात तान्हं लेकरू रात्री किरकिर करायला लागलं, की आजी मूठभर मीठ-मोहऱ्या त्याच्यावरून उतरवून चुलीत टाकायची. विस्तवात तडतड सुरू झाली की म्हणायची, “बघा, केवढी दृष्ट लागली व्हती!” मोहरी तडतडते हे फोडणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण खडे मीठही तडतडतं. मिठागरात समुद्राचं पाणी आटताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि वाढता वाढता त्याच खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब पोटात कोंडून घेतात. खडा पांढुरका दिसतो तो बराचसा या थेंबांमुळे. विस्तवात थेंबाचं पाणी तापून फुगतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि खडा फुटतो.

मिठाच्या पोटात पाणी, हे झालं चुलीतलं. तांबं-सोन्याच्या खाणीत याच्या उलटा प्रकार सापडतो: पाण्याच्या पोटात मीठ.

विहीर खणताना आपल्याकडे गारगोट्या निघतात. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या घासून ठिणग्या पाडल्या नसतील असं पोरगं मराठवाड्यात विरळा. ही गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. तांब्याच्या कित्येक खाणींत खडकाच्या भेगा अशाच क्वार्ट्झने भरलेल्या असतात. त्याची पारदर्शक होईल इतकी पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आत हजारो कप्पे दिसतात, बरेचसे केसाच्या जाडीहूनही लहान. मी पहिल्यांदा पाहिला त्या कप्प्यात पाणी होतं, पाण्यात वाफेचा एक काळसर बुडबुडा, आणि बुडबुड्याला खेटून एक स्वच्छ, कोरीव चौकोनी खडा. बाजूला हेमॅटाइटची, म्हणजे लोखंडाच्या खनिजाची, तांबडी टिकली आणि एक इवलासा काळा त्रिकोण. चौकोन म्हणजे आपलं जेवणातलं मीठ. त्रिकोण म्हणजे चाल्कोपायराइट, वैद्यांचं सुवर्णमाक्षिक, तांब्याचं मुख्य खनिज. कधी जोडीला गोलसर कोपऱ्यांचा दुसरा खडा असतो, तो पोटॅशियम क्लोराइडचा.

हा चौकोन बरंच काही बोलतो. थंड पाण्यात वजनाने साधारण २६ टक्क्यांपर्यंतच मीठ मुरतं, पुढचं तळाशी बसतं. म्हणजे खडा दिसतोय तर कोंडलं गेलं तेव्हा ते तापलेलं पाणी त्याहून खारट होतं, आणि निवताना जास्तीचं मीठ खडा होऊन बसलं. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के, यावरून अंदाज करा. किती खारट, ते चकती तापवून कळतं. पोटॅशियमचा खडा बहुधा आधी विरघळतो. मग मिठाच्या चौकोनाचे कोपरे झिजतात, तो गोल होत होत दिसेनासा होतो. ३०० अंश सेल्सिअसला विरघळला तर मीठ सुमारे ३८ टक्के, ४०० ला विरघळला तर ४६ च्या आसपास. बुडबुडा नाहीसा होतो ते तापमानही टिपतात, कारण थेंब कोंडला गेला तेव्हा तो किमान तेवढा तापलेला होता. बुडबुड्याचा असा थर्मामीटर करता येईल हे इंग्लंडच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५८ मध्येच मांडलं होतं. हे काम मात्र धीराचं. घाईने आच वाढवून मी एक सुरेख कप्पा फोडला होता. आमचे सर शांतपणे म्हणाले, “काढली का दृष्ट?”

आता तांब्याचं बघू. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस गोठू लागतो, तेव्हा त्यात मुरलेलं पाणी बाहेर पडतं. हे पाणी क्लोरीन, गंधक आणि धातू सोबत घेऊन निघतं. वर येताना दाब उतरतो आणि त्याचे दोन भाग होतात: हलकी वाफ आणि जड, दाट खारं पाणी. मिठातलं क्लोराइड तांब्याला धरून ठेवतं, नाहीतर तांबं पाण्यात एवढं विरघळतंच कुठे? सोन्याचं जमतं ते जास्त करून गंधकाशी, आणि त्यातलं बरंच वाफेबरोबर वर सरकतं. पाणी ४०० अंशांच्या खाली निवू लागलं की क्लोराइडची पकड सुटते, तांबं-लोखंड-गंधक एकत्र येऊन भेगांत बसतात. अमेरिकेतलं युटामधलं बिंगहॅम कॅन्यन आणि इंडोनेशियाचं ग्रासबर्ग, या दोन अजस्र खाणी अशाच तयार झाल्या. बिंगहॅमपासून ग्रेट सॉल्ट लेक हे खाऱ्या पाण्याचं सरोवर फार लांब नाही, पण खाणीतल्या मिठाचा त्या सरोवराशी संबंध नाही. ते शिलारसातून आलेलं.

आपल्या गारगोट्यांत मात्र मिठाचा चौकोन शोधत बसू नका. जालना-सिल्लोडकडच्या बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या खडकाच्या, पोकळ्यांत क्वार्ट्झ आणि झिओलाइट नावाची खनिजं वाढली ते तुलनेने गार, पातळ पाण्यात, लाव्हा निवल्यानंतर. जुना खडक त्याच्या खाली आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर थोडा गाळ आणि मग अब्जावधी वर्षांपूर्वीचा स्फटिकी खडक लागला. नांदेडमध्ये देगलूर-बिलोलीकडे तर जुना ग्रॅनाइट उघड्यावरच आहे. तिथे तांबं आहे असं मी म्हणत नाही, नाहीतर उद्या कुणी बोअरची गाडी घेऊन शेतात उभा राहायचा. पण गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला जवळपास अडीच अब्ज वर्षं जुन्या ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झच्या शिरांतूनच तांबं काढतात. ते बिंगहॅमच्या जातीचं मानायचं की नाही, यावर भूवैज्ञानिकांचा वाद अजून चालू आहे, आणि वादात दोन्ही बाजू याच कप्प्यांचे दाखले देतात.