पाणी भरपूर, तेल कमी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘डोळे कोरडे पडलेत’ असं सांगितलं की पुष्कळांना ते पटतच नाही. ‘कोरडे कसले? गाडीवर बसलं की धारा लागतात!’ असं म्हणत ते चिठ्ठी खिशात घालतात आणि डॉक्टर बदलतात. धारा लागतात हे खरंच आहे, पण पुष्कळदा त्या धारा कोरडेपणामुळेच लागलेल्या असतात.

उघड्या डोळ्यावर अश्रूंचा थर कायम पसरलेला असतो. सगळे मिळून हे अश्रू साधारण ७ मायक्रोलिटर, म्हणजे बाटलीतून पडणाऱ्या औषधाच्या एका थेंबापेक्षाही बरेच कमी. थराची जाडी सुमारे ३ मायक्रॉन. केसाची जाडी त्याच्या वीसपट तरी भरेल. एवढासा थर पंख्याखाली काही सेकंदांत उडून जायला हवा. तो टिकतो, कारण त्याच्यावर तेलाचं आणखी पातळ पांघरूण असतं. या तेलाकडे कोणाचं लक्षच जात नाही, म्हणून हा लेख.

आरशासमोर उभं राहून खालची पापणी हलकेच बाहेर ओढून बघा. केसांच्या मागे, डोळ्याला टेकणाऱ्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांची एक रांग दिसेल. ती मायबोमियन ग्रंथींची तोंडं. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. खालच्या पापणीत अशा वीस ते तीस ग्रंथी असतात, वरच्या पापणीत त्याहून काही जास्त. (रांजणवाडीचा एक प्रकार यांतलीच एखादी ग्रंथी तुंबून सुजल्यामुळे होतो.) पापणी मिटली की कडेचा स्नायू ग्रंथींवर दाब देतो आणि किंचित तेल बाहेर पडतं.

खरी गंमत पापणी उघडताना होते. नुकत्याच उघड्या पडलेल्या पाण्यावर वरच्या बाजूला तेल विरळ असतं, खालच्या बाजूला दाट. तेल विरळ तिथे पृष्ठताण जास्त, दाट तिथे कमी. द्रवाचा पृष्ठभाग कमी ताणाकडून जास्त ताणाकडे ओढला जातो. भौतिकशास्त्रात याला मारांगोनी परिणाम म्हणतात. त्यामुळे तेल वर सरकतं आणि जाताना खालच्या पाण्यालाही ओढून नेतं. प्रत्येक उघडझापीनंतर सेकंदभर आपले अश्रू गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वर चढत असतात! शिवाय या तेलात दोन तऱ्हेचे रेणू लागतात. काहींचं एक टोक पाण्याला धार्जिणं असतं. ते पाण्यावर बूड टेकून रांगेने उभे राहतात. मेणासारखे लांबलचक रेणू पाण्याशी फटकून वागतात आणि पहिल्यांच्या डोक्यावर पसरतात. पहिले कमी पडले तर दुसरे पसरायचे सोडून गोळा होतात आणि मधे भोकं पडतात. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डॉक्टरांकडच्या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात या थरावर रंगांच्या छटा दिसतात आणि त्यांवरून त्याच्या जाडीचा अंदाज बांधता येतो.

हे तेल पापणीच्या तापमानाला, म्हणजे ३३-३४ अंश सेल्सियसच्या आसपास, पातळ असतं. ग्रंथी बिघडल्या की त्याचा वितळणबिंदू वर सरकतो आणि थंडीत थिजलेल्या तुपासारखं ते आतच अडकून बसतं. मग पाण्याचं बाष्पीभवन वाढतं, उरलेले अश्रू खारट होतात, कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) पेशी चिडतात, दाह सुरू होतो. तिथल्या मज्जातंतूंकडून निरोप गेला की अश्रुग्रंथी भसकन पाणी सोडते. पण ते नुसतंच पाणी! तेलाच्या आधाराशिवाय ते ठरत नाही, गालावर ओघळतं. गाडीवरच्या धारा या अशा असतात.

डॉक्टर डोळ्याला फ्लुओरेसिनचा पिवळा रंग लावून निळ्या उजेडात बघतात. पापणी न मिटता हिरव्या चमकत्या थरात पहिला काळा ठिपका दहा सेकंदांच्या आत उमटला, तर थर लवकर तुटतोय असं समजायचं. दुसरी तपासणी शिर्मर पट्टीची: खालच्या पापणीत अडकवलेला कागद पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजतो ते मोजायचं. ती पाणी मोजते, तेल नाही, म्हणून निव्वळ तिच्यावर विसंबून चालत नाही.

कारणं बरीच आहेत. वाढतं वय, रजोनिवृत्ती, मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, सर्दीची काही औषधं, कॉन्टॅक्ट लेन्स, चष्मा घालवणारी लेसिक शस्त्रक्रिया, एसीचा थेट झोत. आणि अर्थात स्क्रीन. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीसदा पापण्या मिटतो. स्क्रीनसमोर हे प्रमाण खूप घटतं आणि जी उघडझाप होते तीही अर्धवट. अर्ध्या मिटलेल्या पापणीने तेल पिळलं जात नाही. म्हणून स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्लू कट’ काचांच्या जाहिराती बघून मला हसू येतं. निळ्या प्रकाशाचा इथे संबंधच नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३च्या कॉक्रेन आढाव्यातही या काचांनी डोळ्यांवरचा ताण कमी होत असल्याचं काही दिसलं नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचंही तेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत वर्षभर रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाला नाही.

डोळ्यांत मध किंवा कांद्याचा रस घालणाऱ्यांचा युक्तिवाद तर ठरलेला: ‘झोंबलं, पाणी आलं, घाण निघून गेली.’ झोंबल्यावर येतं ते तेच चिडीचं पाणी. त्यात घाण नसते आणि उपाय तर मुळीच नसतो.

उपचाराची सुरुवात शेकाने करावी. कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं धरायचं. ते दोन मिनिटांत निवतं, म्हणून पुन्हा पुन्हा गरम करावं लागतं, आणि इथेच लोक कंटाळतात. मग बोटाने वरची पापणी खालच्या दिशेने व खालची वरच्या दिशेने हलकेच चोळायची. काम करताना मुद्दाम पूर्ण पापण्या मिटायच्या. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेवली तर डोळा कमी उघडा राहतो. कृत्रिम अश्रूंचा एका वेळी एकच थेंब पुरे. दुसरा बाहेरच सांडतो. दिवसातून चार-पाचदापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्यावेत, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइड हे बाटल्यांतलं नेहमीचं परिरक्षक साबणाच्या जातीचं आहे. ज्या तेलासाठी आपण धडपडतोय तेच ते फोडतं. एवढ्यानेही भागलं नाही तर डॉक्टर दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्यांचा गुण यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. अश्रू वाहून नेणारी छिद्रं बुजवणारे बारीक प्लगही मिळतात.

कोरड्या डोळ्यांसोबत तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर मात्र स्योग्रेनच्या आजाराची तपासणी करून घ्यावी. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवरच उलटते. तेव्हा पाणीच कमी असतं आणि शेकाने भागत नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर नकोतच. दोन दिवसांत लाली जाते म्हणून लोक ते महिनोन्महिने घालत राहतात, डोळ्यातला दाब वाढत जातो आणि काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येत नाही.