तेरा तारखेच्या शुक्रवारची वाट पाहणारा व्हायरस

डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या, आज्ञा टाइप करून संगणक चालवायच्या प्रणालीच्या जमान्यात डिस्कवर काय काय आहे ते पाहायला ‘डीआयआर’ एवढं टाइप केलं की पुरे. फाइलींची नावं यायची आणि पुढे प्रत्येकीचा आकार बाइटमध्ये. त्या आकड्यांकडे सहसा कोणी बघत नसे. 1987 च्या अखेरीस जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मात्र ते आकडे लोकांना खटकू लागले. कोणी बदल न केलेले प्रोग्रॅम दिवसेंदिवस फुगत होते. शोध घेतल्यावर जो व्हायरस सापडला त्याला त्या शहराचंच नाव चिकटलं: जेरुसलेम.

फ्लॉपीवरून (फाइली इकडून तिकडे न्यायच्या तेव्हाच्या चकतीवरून) आलेला एखादा बाधित प्रोग्रॅम एकदा चालवला की हा व्हायरस संगणकाच्या मेमरीत ठाण मांडून बसे. प्रोग्रॅम बंद केला तरी तो उठत नसे. त्यानंतर जो जो प्रोग्रॅम चालवाल त्याला तो लागण करी. डॉसमध्ये प्रोग्रॅमच्या फाइली मुख्यतः दोन जातींच्या, ‘कॉम’ आणि ‘ईएक्सई’. कॉम फाइल पहिल्या बाइटपासून चालू होते, म्हणून तिथे तो मूळ प्रोग्रॅमच्या पुढ्यात स्वतःला घुसवी. ईएक्सई फाइलीत सुरुवात कुठून करायची हे तिच्या शीर्षभागात लिहिलेलं असतं. तिथे तो शेवटी बिऱ्हाड थाटून शीर्षभागातला पत्ता तेवढा बदलून टाकी. ‘कमांड डॉट कॉम’ या डॉसच्या मुख्य फाइलीला मात्र हात लावत नसे. तिच्यावर लोकांचं लक्ष असतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावं.

एवढी हुशारी दाखवून गडी अडखळला तो साध्या खुणेत. लागण झालेल्या कॉम फाइलीच्या शेवटी तो ‘एम-एस-डी-ओ-एस’ ही पाच अक्षरं ठेवी आणि पुढच्या वेळी ती दिसली की फाइल सोडून देई. त्यामुळे कॉम फाइल एकदाच, 1813 बाइटनी वाढे. ईएक्सई फाइलीच्या बाबतीत ही तपासणी चुकलेली होती. पहिल्या लागणीत 1808 ते 1823 बाइट वाढत आणि त्यानंतर जितक्या वेळा तो प्रोग्रॅम चालवाल तितक्या वेळा आणखी 1808. दिवसातून वीस वेळा उघडला जाणारा प्रोग्रॅम एका दिवसात 36,000 बाइटनी जाडा व्हायचा. फ्लॉपी 360 केबीची आणि डॉसच्या प्रोग्रॅमना मिळणारी मेमरी फार तर 640 केबी, त्यातलीही काही डॉसने घेतलेली. शेवटी प्रोग्रॅम मेमरीत मावेनासा होई आणि सुरूच होत नसे. काही ईएक्सई फाइलींना तर लागणच वेडीवाकडी होई आणि त्या पहिल्या फटक्यात निकामी होत.

म्हणजे हे नुकसान मुळात ठरवलेलं नव्हतंच, ती लिहिणाऱ्याची चूक होती आणि तिनेच चोर पकडून दिला. ठरवलेले उद्योग निराळे होते. लागण होऊन अर्धा तास झाला की संगणक रखडू लागे आणि पडद्याच्या डाव्या-वरच्या भागात एक छोटा काळा चौकोन उमटे. आणि तेरा तारखेला शुक्रवार आला, की त्या दिवशी चालवाल तो प्रोग्रॅम डिस्कवरून पुसला जाई. आपल्याकडे तेरा तारखेच्या शुक्रवारचं कोणाला काही वाटत नाही, पण युरोप-अमेरिकेत तो अपशकुनी दिवस.

1987 साल यातून वगळलं होतं. त्यामुळे पहिली घटका येणार होती 13 मे 1988 रोजी, इस्राएलच्या स्थापनेला इंग्रजी तारखेने 40 वर्षं पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. यामागे राजकारण असल्याची चर्चा तेव्हा बरीच रंगली. मला साधं कारण जास्त पटतं: 13 नोव्हेंबर 1987 लाही शुक्रवारच होता, आणि पसरायला वेळ मिळण्याआधीच व्हायरस उघडा पडला असता. लेखक कोण, हे काही पुढे आलं नाही. हिब्रू विद्यापीठातल्या यिस्राएल रदाई यांनी धोक्याची माहिती बाहेर कळवली, तिथेच सफाईचे प्रोग्रॅमही लिहिले गेले. तरी फ्लॉपींबरोबर तो देशोदेशी पोचलाच. 13 जानेवारी 1989 च्या शुक्रवारी ब्रिटनमधल्या संगणकांना त्याचा फटका बसला.

मग नकला निघाल्या. त्यांतली ‘संडे’ दर रविवारी प्रोग्रॅम पुसण्यासाठी लिहिलेली होती. तिच्याही लेखकाचं कोडिंग चुकलं आणि पुसायचं काम राहूनच गेलं.